प्रकाशाचा सुविधाधिकार

प्रकाशाचा सुविधाधिकार : शेजाऱ्याच्या जागेवरून आपल्या इमारतीच्या खिडकीत, गवाक्षात किंवा झरोक्यात येणारा नैसर्गिक उजेड शेजाऱ्याने बांधकाम करून अडवू नये, असा स्थावर मिळकतीच्या मालकास वा भोगवटादारास प्राप्त होणारा हक्क. व्यवहारात आणि न्यायालयीन मराठीत ‘उजेड-वाऱ्याचा हक्क’ या नावाने तो ओळखला जातो. सुविधाधिकारात नेहमी दोन मिळकती गृहीत असतात : एकीला लाभ होतो व दुसरीवर भार पडतो. प्रकाशाच्या बाबतीत हा भार नकारात्मक असतो. भार सोसणाऱ्या मालकाला काही करावे लागत नाही. फक्त स्वतःच्या जमिनीवर एका मर्यादेपलीकडे बांधकाम करता येत नाही. वाटेचा किंवा पाटाच्या पाण्याचा हक्क बजावताना शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकावे लागते, म्हणून तो डोळ्यांना दिसतो. उजेडाचा हक्क कोणतीही खूण न ठेवता वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि शेजारी पाया खणू लागतो, त्या दिवशीच त्याचे अस्तित्व उभयतांच्या लक्षात येते. या विषयावरील तंटे कटू होण्याचे हे एक मुख्य कारण होय.

हा हक्क मालकीबरोबर आपोआप मिळत नाही. प्रत्येक मालकाला आपल्या जागेवर हवे तेवढे उंच बांधण्याची मूलतः मुभा असते आणि शेजाऱ्याच्या जागेवरून येणाऱ्या उजेडावर कोणाचाही जन्मसिद्ध अधिकार नसतो. करार, वाटणी, रूढी किंवा दीर्घकालीन उपभोग यांपैकी एखाद्या मार्गाने तो मिळवावा लागतो. त्यामुळे एका बाजूला आपल्या जागेत चार खोल्या वाढवू पाहणारे कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला एकुलती खिडकी बुजल्यास दिवसाही दिवा लावावा लागणारे कुटुंब, असे दोन्ही न्याय्य वाटणारे पक्ष न्यायालयापुढे उभे राहतात.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या शेजारी तालुक्यांच्या संदर्भात हा विषय विशेष उद्‌बोधक ठरतो. इंदापूर तालुका हे मुंबई इलाख्यातील आधुनिक भूमापनाचे जन्मस्थान असून बारामती हे पेशवेकालीन वाड्यांचे व पुढे झपाट्याने वाढलेले नगर आहे. जेथे शेतजमिनीचा प्रत्येक तुकडा सर्वांआधी मोजला गेला, तेथेही घरात येणारा उजेड कोणत्याही दप्तरात नोंदला गेला नाही. या विसंगतीतून उजेडाच्या तंट्यांचा इतिहास समजून घेता येतो.

प्राचीन परंपरा : रोमन विधीत शेजाऱ्याने ठराविक उंचीपेक्षा अधिक बांधू नये आणि त्याने उजेड अडवू नये, असे स्वतंत्र सुविधाधिकार मान्य होते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विधिसंग्रहाच्या आठव्या भागात त्यांचे विवेचन आहे.

भारतात कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणात घरांविषयीच्या तंट्यांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. वास्तूसंबंधीचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवरून सोडवावेत, उजेडासाठी लहान खिडकी उंचावर ठेवावी आणि शेजाऱ्याच्या दारा-खिडकीसमोर दार-खिडकी काढून त्याला उपद्रव देणाऱ्यास दंड करावा, असे त्यात सांगितले आहे. मध्ये राजमार्ग किंवा रस्ता असल्यास या शेवटच्या नियमाला अपवाद केला आहे. त्याचबरोबर घरमालकांनी आपसांत ठरवून हवे तसे बांधावे व नको ते टाळावे, अशीही सवलत दिली आहे. शेजाऱ्यांच्या संमतीला नियमाइतकेच महत्त्व देणारी ही दृष्टी पुढील काळातही टिकून राहिली.

बृहस्पती व कात्यायन यांची म्हणून निबंधग्रंथांत उद्‌धृत केलेली वचने या प्रश्नाच्या अधिक जवळ जातात. घर वसविताना ज्या खिडक्या, मोऱ्या व ओटे होते त्यांना नंतर धक्का लावू नये, गवाक्षे अडवू नयेत, परंतु वसाहत झाल्यावर नव्याने खिडकी काढून दुसऱ्याच्या घरात दृष्टी टाकू नये वा त्याच्याकडे मोरी सोडू नये, असा त्यांचा आशय आहे. येथे हक्काचा पाया वर्षांची विशिष्ट संख्या हा नसून ‘आधी कोण वसले’ हा आहे. जुन्या खिडकीला संरक्षण आणि नव्या खिडकीला प्रतिबंध ही दोन तत्त्वे एकत्र मांडली गेल्यामुळे उजेड व खाजगीपणा यांचा समतोल साधला गेला. आधुनिक कायद्यात हे दोन विषय पुढे वेगळे झाले.

मराठा काळ व घरांची रचना : मराठा काळात गावातील तंटे पाटील, कुलकर्णी व गोतसभा यांच्यापुढे चालत. निर्णय महजर किंवा निवाडपत्र या स्वरूपात लिहून देत. पुण्यासारख्या शहरात रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे तंटे कोतवालाच्या कक्षेत येत. भिंतीची मालकी, पागोळीचे पाणी, मोरीची दिशा व येण्याजाण्याची वाट हे घरांविषयीच्या वादांचे नेहमीचे विषय होते. उजेडाचा वाद तुलनेने कमी उद्‌भवत असे. याचे कारण घरांच्या बांधणीत सापडते.

बारामती हे कऱ्हा नदीकाठचे गाव पेशव्यांचे सोयरे व सावकार बाबूजी नाईक यांच्यामुळे अठराव्या शतकात भरभराटीस आले. त्यांचा वाडा बारामतीत असून त्यांच्या आश्रयास कवी मोरोपंत (१७२९–९४) यांनी आयुष्याचा मोठा काळ तेथे घालविला. अशा वाड्यांच्या बाहेरच्या भिंती जाड व बहुधा बंद असत आणि सोपे, माजघर व स्वयंपाकघर यांना उजेड मिळे तो आतल्या चौकातून. सामान्य शेतकऱ्यांची घरे या कमी पावसाच्या पट्ट्यात बहुशः धाब्याची होती. एकमेकांना लागून असलेल्या भिंतींत खिडकी काढण्यास वाव नसे. धाब्याला ठेवलेल्या झरोक्यातून उजेड आत येई व धूर बाहेर जाई. म्हणजे वाडा काय किंवा धाब्याचे घर काय, दोहोंनाही उजेड स्वतःच्या जागेवरून, आकाशातून सरळ मिळत असे. शेजाऱ्यावर अवलंबून राहण्याचा प्रसंग क्वचितच येई.

ही स्थिती दोन कारणांनी बदलली. पहिले कारण वाटणीचे. चौक हा वाड्याचा उजेडाचा साठा. पण भावाभावांत वाटणी होऊन चौकात भिंत उभी राहिली किंवा चौकच एकाच्या वाट्याला गेला, म्हणजे आतल्या खोल्यांचा उजेड दुसऱ्याच्या मर्जीवर येऊन पडतो. दुसरे कारण मजल्यांचे. धाबे जाऊन पत्रा, कौल व पुढे सिमेंटचे छत आले. एकमजली घरांवर मजले चढले आणि पूर्वी शेजाऱ्याच्या बुटक्या छपरावरून येणारा उजेड नव्या भिंतीआड गेला. नीरा डावा कालवा १८८० नंतरच्या दशकात वाहू लागल्यावर या भागात ऊस, गूळ व बाजारपेठ यांची वाढ झाली. हातात पैसा आला, तशी गावठाणातील घरे आडवी न वाढता उभी वाढू लागली.

काळी मोजली, पांढरी राहिली : गावची शेतजमीन ती ‘काळी’ व वस्तीची जागा ती ‘पांढरी’, हा मराठी मुलखातील जुना भेद आहे. ब्रिटिश अंमलात आर. के. प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी व आकारणी १८३० च्या सुमारास लागू झाली. ती इंदापूर तालुक्यात जाचक ठरून शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ पासून तेथेच फेरपाहणी केली. जमिनीचे नंबर पाडणे, बांध व हद्दीचे दगड कायम करणे, प्रतवारी लावणे आणि तीस वर्षांची मुदत ठरविणे ही त्यांची पद्धती पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली व मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली.

या पाहणीचा हेतू सारावसुलीचा असल्याने ती काळीपुरती मर्यादित राहिली. पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाण नकाशावर एक अखंड पट्टा म्हणून दाखविले गेले आणि आतील घरे, बोळ व परसू यांची मापे निघाली नाहीत. परिणामी शेताच्या बांधाचा वाद मोजणीदार आणून मिटविता येई, तर दोन घरांमधील हातभर बोळाचा वाद साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर सोपवावा लागे. बारामती व इंदापूर येथे १८६५ मध्ये नगरपालिका स्थापन झाल्या. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने नगर भूमापनाची तरतूद केली. ग्रामीण गावठाणे मात्र बहुतांशी अमोजित राहिली. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि ड्रोनच्या साहाय्याने घरनिहाय नकाशे व मिळकत पत्रिका करण्याचे काम देशभर हाती घेण्यात आले. मिळकत पत्रिकेमुळे हद्द व क्षेत्र निश्चित होते. परंतु कोणती खिडकी किती वर्षांची आहे, हे तीतूनही कळत नाही.

कायद्याची घडण : पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) एल्फिन्स्टनने पंचायती काही काळ चालू ठेवल्या. १८२७ च्या चौथ्या विनियमाने दिवाणी न्यायालयांना लिखित कायदा, देशरिवाज, प्रतिवादीचा कायदा आणि त्यांच्या अभावी न्याय, समता व सद्‌विवेक यांनुसार निर्णय देण्यास सांगितले. याच वर्षीच्या पाचव्या विनियमात तीस वर्षांच्या अखंड कब्जाला मालकीहक्काचा पुरावा मानण्यात आले. उजेडासाठी निश्चित मुदत १८७१ च्या मुदत अधिनियमाने प्रथम घालून दिली. ती वीस वर्षांची असून १८७७ च्या अधिनियमातही कायम राहिली.

या मुदतीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथील न्यायालयांनी १६१० च्या ऑल्ड्रेड खटल्यात उजेड व हवा ही जीवनास आवश्यक म्हणून संरक्षणीय, पण सुंदर देखावा ही केवळ आनंदाची बाब म्हणून असंरक्षणीय, असा भेद केला. १८३२ च्या कायद्याने वीस वर्षांच्या उपभोगाने उजेडाचा हक्क पक्का होतो, असे ठरविले. व्हिट्‌ली स्टोक्स याच्या मसुद्यावर आधारलेला भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मध्ये संमत झाला. तो आरंभी मद्रास, मध्य प्रांत व कूर्ग यांना लागू होता. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू करण्यात आला. बारामती व इंदापूर येथील उजेडाचे तंटे तेव्हापासून याच अधिनियमानुसार सुटत आले आहेत.

प्रमुख तरतुदी : अधिनियमाच्या कलम १५ अन्वये एखाद्या इमारतीला उजेड किंवा हवा यांचा लाभ शांततेने, सुविधाधिकार म्हणून, खंड न पडता वीस वर्षे मिळालेला असल्यास त्यावरील हक्क पूर्ण होतो. ही वीस वर्षे दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. भार सोसणारी जमीन शासनाची असल्यास मुदत पूर्वी साठ वर्षांची होती. १९६३ च्या मुदत अधिनियमाने ती तीस वर्षांवर आणली. केवळ काही दिवस खिडकीसमोर आडोसा उभा केल्याने मुदतीत खंड पडत नाही. अडथळा प्रत्यक्ष निर्माण झालेला असावा लागतो आणि तो व तो करणारा माहीत झाल्यावरही खिडकीच्या मालकाने वर्षभर तो मुकाट्याने सोसलेला असावा लागतो.

उजेड करारान्वये मिळत असेल आणि तो हक्क म्हणून दिलेला नाही किंवा ठराविक मुदतीपुरता आहे, असे त्या करारावरून दिसत असेल, तर तो उपभोग वीस वर्षांत धरला जात नाही. म्हणूनच सावध मालक शेजाऱ्याला खिडकी काढू देताना त्याच्याकडून तसा लेख करून घेतो. लेख न करता भलेपणाने गप्प बसणाऱ्या मालकाचा भलेपणा मात्र वीस वर्षांनी त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. दीर्घोपभोगाच्या तत्त्वातील हा दोष वारंवार दाखविला गेला आहे. इंग्लंडमध्ये १९५९ च्या कायद्याने प्रत्यक्ष भिंत न बांधता नोंदणीद्वारे काल्पनिक अडथळा उभारण्याची सोय करून त्यावर उपाय केला. भारतीय अधिनियमात तशी सोय नाही.

वाटणी व विक्री यांसाठी कलम १३ महत्त्वाचे आहे. एकाच मालकाच्या दोन मिळकती विक्रीने किंवा वाटणीने वेगळ्या झाल्या आणि त्यांपैकी एकीच्या खिडक्यांना दुसरीवरून उघडपणे व सतत उजेड येत असेल, तर पूर्वीप्रमाणे उपभोग घेण्यासाठी आवश्यक असलेला तो उजेड, विरुद्ध करार नसल्यास, वीस वर्षे न थांबता चालू राहतो. वाड्यांच्या वाटणीतून उद्‌भवणाऱ्या तंट्यांत कलम १५ पेक्षा हेच कलम अधिक उपयोगी पडते. कारण एकत्र कुटुंबाच्या काळातील उपभोग स्वतःच्याच मिळकतीवरचा असल्याने तो दीर्घोपभोगाच्या मुदतीत मोजता येत नाही. वाटणीपत्रात चौकाविषयी व खिडक्यांविषयी एक स्पष्ट वाक्य लिहिलेले असले, तर अनेक तंटे मुळातच उद्‌भवत नाहीत.

कलम १७ नुसार मोकळ्या जमिनीसाठी उजेडाचा वा हवेचा हक्क दीर्घोपभोगाने मिळत नाही. ज्या तालुक्यांत बहुसंख्य लोक शेतीवर अवलंबून आहेत, तेथे या मर्यादेचा अर्थ मोठा आहे. बांधावरील बाभूळ, लिंब किंवा चिंच यांच्या सावलीने पिकाची एक पट्टी खुरटते, अशी तक्रार शेतकऱ्यांत नित्य ऐकू येते. तथापि या कायद्याखाली पिकाला उन्हाचा हक्क मिळत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीत आलेल्या फांद्यांचा प्रश्न उपद्रवाच्या तत्त्वाखाली येतो. सावलीचा प्रश्न तसा सुटत नाही. अंगण, खळे व परसू यांनाही हीच मर्यादा लागू पडते.

खिडकीतून किती उजेड मागता येतो, हे कलम २८ सांगते : मुदतीच्या संपूर्ण काळात त्या खिडकीतून जेवढा उजेड येत असे तेवढाच, मग त्याचा उपयोग कशासाठीही होत असो. नवी मोठी खिडकी काढून जुन्या हक्काच्या आधारे जास्त उजेड मागता येत नाही. कलम ३३ नुसार उजेड कमी होणे एवढेच पुरेसे नसते. मिळकतीचे मूल्य लक्षणीयरीत्या घटणे, राहणाऱ्याच्या शारीरिक स्वास्थ्यात ठळक बाधा येणे किंवा त्याचा नेहमीचा व्यवसाय पूर्वीइतक्या लाभदायक रीतीने न चालणे, यांपैकी काहीतरी सिद्ध करावे लागते. कलम ३५ अन्वये न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते. कलम ३६ मात्र हक्कदाराला स्वतःच्या हाताने अडथळा दूर करण्यास मज्जाव करते. म्हणजे खिडकीपुढची भिंत बेकायदेशीर असली तरी ती पाडण्याचा अधिकार हक्कदाराला नसून त्यासाठी न्यायालयाकडेच जावे लागते.

न्यायनिर्णय : उजेड किती कमी झाला म्हणजे दाद मागता येते, या प्रश्नावर इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने ‘कॉल्स विरुद्ध होम अँड कलोनियल स्टोअर्स’ या खटल्यात १९०४ मध्ये दिलेला निर्णय निर्णायक ठरला. पूर्वी येणारा सर्व उजेड मिळण्याचा हक्क नसून सामान्य माणसाच्या कल्पनेप्रमाणे घर सुखाने वापरता येईल इतका उजेड उरला की पुरे, असे तत्त्व त्यात घालून दिले. कलकत्त्याहून गेलेल्या ‘पॉल विरुद्ध रॉब्सन’ या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये हेच तत्त्व भारताबाबत मान्य केले. त्यामुळे न्यायालयाचे लक्ष ‘किती गेला’ याऐवजी ‘किती उरला’ याकडे वळले. भर वस्तीतील नव्या बांधकामांना यामुळे सवड मिळाली. पण गावठाणातील ज्या घरात मुळातच उजेड थोडा, तेथे थोडी घटही असह्य ठरते. म्हणून प्रत्येक खटला त्याच्या परिस्थितीवरून तपासावा लागतो.

खाजगीपणाचा हक्क हा याच प्रश्नाची दुसरी बाजू होय. अधिनियमाच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या सुविधाधिकारांचे उदाहरण म्हणून शेजाऱ्याच्या घरातील खाजगी भागात दृष्टी जाईल अशी नवी खिडकी काढू नये, ही एखाद्या नगरातील रूढी दिली आहे. गुजरातेत अशी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ‘गोकल प्रसाद विरुद्ध राधो’ या खटल्यात १८८८ मध्ये उत्तर भारताबाबत तसेच ठरविले. जेथे ती रूढी गृहीत धरली जात नाही, तेथे ती पुराव्याने शाबीत करावी लागते. माजघरात वा परसात वावरणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने शेजाऱ्याची नवी खिडकी हा उजेडाच्या अभावाइतकाच जाचक विषय असतो. त्यामुळे एकाच दाव्यात वादी उजेड अडविल्याची आणि प्रतिवादी डोकावून पाहिल्याची तक्रार करतो, असे घडू शकते.

दाव्याचे स्वरूप : उजेडाचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल होतो. इंदापूर येथे दिवाणी न्यायालय असून बारामती येथे दिवाणी न्यायालयाबरोबर अतिरिक्त जिल्हा न्यायालयही आहे. द्वितीय अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. वादीला खिडकीचे वय सिद्ध करावे लागते. त्यासाठी जुने खरेदीखत, त्यातील चतुःसीमा, वाटणीपत्र, नगरपालिकेची कर-आकारणी नोंदवही, बांधकाम-परवानगीचा नकाशा, जुनी छायाचित्रे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष यांचा आधार घेतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशाखाली न्यायालय आयुक्त नेमून जागेची पाहणी व मोजमाप करवू शकते. ३९ व्या आदेशाखाली निकालापर्यंत तात्पुरता मनाई हुकूम मिळू शकतो.

या प्रकारच्या दाव्यात वेळेला फार महत्त्व असते. भिंत कमरेइतकी असताना आलेल्या वादीला मनाई हुकूम मिळण्याचा संभव अधिक; छत पडल्यावर आलेल्याला बहुधा नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागते. शेजारधर्म म्हणून सुरुवातीस गप्प राहणारा, किंवा वकिलाची फी जमविण्यात महिना घालविणारा माणूस नेमका येथे मागे पडतो. नगरपालिकेची परवानगी मिळाली म्हणजे शेजाऱ्याचा हक्क संपला, असा समजही सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात परवानगी ही नगरपालिका व बांधकाम करणारा यांच्यातील बाब असून तिच्यामुळे खाजगी सुविधाधिकार नष्ट होत नाही. उलट, नियमानुसार अंतर सोडले नाही एवढ्यावरून शेजाऱ्याला उजेडाचा सुविधाधिकार मिळत नाही. त्याने नगरपालिकेकडे दाद मागावयाची असते.

तडजोडीची परंपरा : सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध उठाव झाला. तत्कालीन भीमथडी तालुक्यातील हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. त्यातून दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम संमत झाला. कर्जाच्या प्रश्नासाठी केलेल्या या कायद्यात तडजोड करणाऱ्या मध्यस्थांची तरतूद होती व एक पक्षकार शेतकरी असल्यास इतर दिवाणी तंटेही त्यांच्यापुढे नेता येत. ही पद्धत पुढे बंद झाली, तरी तिच्यामागील विचार टिकून राहिला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने लोकन्यायालयांना वैधानिक स्थान दिले आणि महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. उजेडाच्या वादात तडजोडीला विशेष वाव असतो. न्यायालय भिंत राहील की जाईल, हे ठरवू शकते; शेजारी मात्र भिंतीची उंची फूटभर कमी करणे, वरच्या भागात जाळी ठेवणे, छतात काचेचे कौल बसविणे किंवा सामायिक खर्चाने नवा झरोका काढणे, असे मधले मार्ग काढू शकतात.

सार्वजनिक आरोग्य व नगररचना : १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्लेगने उजेडाला खाजगी हक्काच्या कक्षेतून बाहेर काढले. कोंदट घरांत ऊन व हवा शिरावी म्हणून प्लेगच्या बंदोबस्तात छपरांना भोके पाडण्यापर्यंत अधिकाऱ्यांची मजल गेली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक असू नये, या अर्थाचा साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम अवलंबिला. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान देऊन त्याचा पुरस्कार केला. उजेड हा वीस वर्षे वाट पाहून मिळवावयाचा हक्क नसून प्रत्येक राहत्या खोलीची किमान गरज आहे, ही भूमिका यातून रुजली. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम (१९६५), महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम (१९६६) आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली यांनी सामासिक अंतरे, उंची व खिडक्यांची क्षेत्रे निश्चित केली. दाट वस्तीच्या जुन्या गावठाणात मात्र जागेअभावी अंतरांची सूट द्यावी लागते आणि तंट्यांचा संभव नेमका तेथेच अधिक असतो. याउलट उजनी धरणामुळे इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची जी गावे उठली, त्यांची नवी गावठाणे आखीव भूखंडांवर वसली. तेथील घरांना आरंभापासून मोकळी जागा लाभली.

इतर देश : अमेरिकेतील न्यायालयांनी दीर्घोपभोगाने उजेडाचा हक्क मिळण्याचे इंग्लिश तत्त्व सामान्यतः नाकारले. वाढत्या शहरांना ते अडसर ठरेल, असे त्यामागील कारण होते. फ्लॉरिडातील न्यायालयाने १९५९ मध्ये एका हॉटेलच्या वाढीव मजल्यांची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडत असतानाही दाद देण्याचे नाकारले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८२ मध्ये सौर ऊर्जेवर चालणाऱ्या घराचे ऊन अडविणे हा उपद्रव ठरू शकतो, असे म्हटले. जपानमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये घराला मिळणाऱ्या उन्हास विधिसंरक्षण दिले. तेथील इमारतविषयक कायद्यात १९७६ मध्ये सावलीच्या तासांची मर्यादा घालण्यात आली.

घरांच्या छपरांवर सौर तावदाने बसविण्यास उत्तेजन देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्याने भारतातही हा प्रश्न नव्या रूपात पुढे येत आहे. १८८२ च्या अधिनियमात खिडकीतून येणारा उजेड कल्पिलेला असून छपरावर पडणाऱ्या उन्हाचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. बारामती-इंदापूरसारख्या बहुतांश वर्षभर निरभ्र आकाश असलेल्या प्रदेशात शेजाऱ्याच्या वाढीव मजल्याची सावली यापुढे विजेच्या बिलातही मोजली जाईल. काळीची मोजणी झाली, पांढरीचीही होत आहे. त्या दोहोंवर पडणाऱ्या उजेडाची वाटणी मात्र अद्याप शेजाऱ्यांचा समंजसपणा, वाटणीपत्रातील एखादे वाक्य आणि वीस वर्षांची मुदत यांवरच अवलंबून आहे.